पट्ट्याचा हिवाळा

घुडखराचं, म्हणजे रानगाढवाचं, शिंगरू गाढविणीच्या पोटी जन्माला आलं, तेव्हा त्याला पहिला हात लावला तो दुर्पदानं.

शास्त्रज्ञ, प्रकल्पाचे संचालक, कॅमेरेवाले असे सगळे जाळीच्या शेडबाहेर ताटकळत उभे होते. आत तिघीच होत्या. वेणा देणारी गवरी, पशुवैद्य मुग्धा बेलसरे आणि गवरीची मालकीण दुर्पदा. शिंगराचे पुढचे खूर दिसले आणि तिथंच अडकले. मुग्धानं हातमोजे सावरले.

"ओढू नका, डॉक्टरबाई," दुर्पदा म्हणाली. "तिला उभी ऱ्हाऊ द्या. उभ्यानं सुटंल."

गवरी उभी राहिली आणि खरंच सुटली. खाली पडलं ते ओलं, लांब पायांचं, ओल्या वाळूच्या रंगाचं पोर. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर कुणी कुंचल्यानं ओढावा तसा गडद तपकिरी पट्टा. दुर्पदानं त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला आणि म्हणाली, "पट्ट्या हाय बघा पट्ट्या!" प्रकल्पाच्या कागदांवर त्याचं नाव म्हणजे चार अक्षरं आणि तीन आकडे होते. ते कुणीच कधी तोंडानं घेतलं नाही.

दुर्पदा फलटणची. कैकाड्याची लेक, कैकाड्याची सून. तिच्या घरात तीन पिढ्या गाढवं होती, वीट आणि वाळू वाहणारी. नवरा गेल्यावर तिनं एकच ठेवली, जेजुरीच्या बाजारातून आणलेली उंच, पांढरी काठेवाडी गवरी. त्याच बाजारात प्रकल्पाची माणसं मोठ्या हाडाच्या, शांत स्वभावाच्या गाढविणी शोधत फिरत होती. गवरीवर त्यांचा डोळा गेला. दुर्पदा म्हणाली, "जनावर इकायचं न्हाई. जिकडं ती, तिकडं मी." सतरा वर्षांच्या लेकीला, अक्षदाला, जावेच्या हवाली करून ती कच्छच्या छोट्या रणाच्या कडेला येऊन राहिली. एका वर्षासाठी आली होती.

गवरीच्या पोटात घुडखर कसा आला, हे मुग्धानं तिला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. छोट्या रणातला घुडखर एकेकाळी सिंधपासून गुजरातपर्यंत हजारांनी होता. आधी शिकारीनं कमी झाला. मग साथी आल्या आणि शे-दोनशे उरले. आजचे सगळे घुडखर त्या मूठभरांची प्रजा. म्हणजे सगळे एकमेकांचे भाऊबंद. त्यांच्या रक्तातली विविधता आटली होती, नव्या रोगाशी लढायला नवं हत्यार राहिलं नव्हतं. अशात एका जुन्या संस्थानाच्या शिकारखान्यात एक कातडं सापडलं, शंभर वर्षांपूर्वी मारलेल्या नराचं. पेशी केव्हाच्या मेलेल्या, पण गुणसूत्रांचे तुकडे वाचता आले. त्यात रोगप्रतिकाराच्या एका जनुकाची अशी जात निघाली, जी आज जिवंत असलेल्या एकाही घुडखरात नव्हती. शास्त्रज्ञांनी ती जशीच्या तशी एका जिवंत घुडखराच्या पेशीत लिहिली, जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांवर. त्या पेशीचं केंद्रक गाढविणीच्या बीजात घातलं आणि बनलेला गर्भ गवरीच्या गर्भाशयात ठेवला.

"म्हंजी जे गोळीनं गेलं ते परत आणायचं," दुर्पदा म्हणाली होती.

"सगळं नाही, ताई. त्यातलं एक अक्षर."

पट्ट्या गवरीचं दूध पिऊन वाढला आणि दुर्पदाच्या मागं मागं फिरून मोठा झाला. अडीच वर्षांचा झाल्यावर गळ्यात उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा पट्टा अडकवून त्याला रणात सोडलं. सगळ्यांना धाकधूक होती की गाढविणीनं वाढवलेला हा नर रानात टिकेल का. तो टिकलाच. चौथ्या वर्षी त्यानं एका बेटावर आपली हद्द धरली. रणातल्या उंचवट्यांना तिकडं बेट म्हणतात. पावसाळ्यात रणभर गुडघाभर पाणी साचतं, तेव्हा गवत आणि जनावरं दोन्ही या बेटांवरच असतात. पाचव्या पावसाळ्यात त्याची सहा शिंगरं जन्मली. लिदीच्या तपासणीवरून मुग्धानं ती ओळखून काढली आणि त्या संध्याकाळी सगळ्यांना शिरा खाऊ घातला.

एवढं होऊनही महिना-पंधरा दिवसांनी पट्ट्या प्रकल्पाच्या कुंपणाशी यायचा. गवरी पलीकडून नाक लावायची. दुर्पदा जीभ टाळ्याला लावून टकटक आवाज काढायची, तसा तो कान पुढं करून तिच्या हातातली शेंगदाण्याची पेंड खायचा. दुसरं माणूस दिसलं की पन्नास पावलं लांब.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला साथ आली.

वनरक्षक रणमलभाई पहिली बातमी घेऊन आला. तो अगरिया, म्हणजे रणात मीठ पिकवणाऱ्या घरातला. साठीकडं झुकलेला, दुर्पदाशी मराठी, हिंदी, गुजराती अशा खिचडी भाषेत बोलणारा. "बेन, तीन माद्या पडल्यात," तो म्हणाला. "नाकातून फेस. डोळ्यांच्या वर सूज, लिंबाएवढी."

चार दिवसांत तिनाच्या अठरा झाल्या, पंधरा दिवसांत एकशे चाळीस. घोड्यांचा जुना आफ्रिकी रोग नव्या रूपात आला होता, गाढवांनाही न सोडणारा. तो एका जनावराकडून दुसऱ्याकडं थेट जात नाही, वाळत्या चिखलात पैदा होणारी मोहरीएवढी चिलटं तो रक्तातून रक्तात नेतात. पाणी ओसरत होतं, मैलोन्‌मैल चिखल उघडा पडत होता आणि चिलटांचे ढग उठत होते. या नव्या विषाणूवर लस नव्हती. असती तरी हजारो रानजनावरांना टोचणार कोण?

पट्ट्या मात्र धडधाकट होता. त्याची सहाही शिंगरं दोन दिवस मलूल झाली आणि उठून चरू लागली. मुग्धा धावत दुर्पदाच्या खोलीवर आली. "ताई, जमलं! ते अक्षर काम करतंय!" तिनं दुर्पदाला मिठी मारली.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिनं पडद्यावर रणाचा नकाशा उघडला. "ही पिवळी रेघ म्हणजे पट्ट्या कुठं कुठं गेला ते. हे लाल ठिपके मेलेल्यांचे. शेजारी तारखा आहेत. वाचा."

दुर्पदाला आकडे वाचता येत होते. तिनं बोट ठेवून वाचले. पट्ट्या एका बेटावर गेला की दहा-बारा दिवसांनी तिथं लाल ठिपके उगवत. एकदा नाही, सातदा.

"त्याचं रक्त पाहिजे मला," मुग्धा म्हणाली. "ते फक्त तुम्हीच मिळवून देऊ शकता."

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी दुर्पदानं त्याचं डोकं काखेत धरलं आणि जाळीतून मुग्धानं सुई घातली. निकाल संध्याकाळपर्यंत आला.

या रोगात जनावर विषाणूनं मरत नाही. विषाणू पाहून अंगात जे तुफान उठतं, त्यानं रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि जनावर स्वतःच्याच फुफ्फुसात बुडतं. पट्ट्याच्या त्या जुन्या जनुकानं हे तुफान उठूच दिलं नव्हतं. त्यामुळं तो वाचला होता. पण तुफान उठलं नाही म्हणून विषाणूही हाकलला गेला नव्हता. दुसऱ्या जनावरात तो तीन आठवड्यांत संपतो. पट्ट्याच्या रक्तात तो सुखानं नांदत होता आणि कदाचित जन्मभर नांदणार होता. त्याला चावलेलं प्रत्येक चिलट पुढं मृत्यू घेऊन जात होतं.

"आन पोरं?" दुर्पदानं विचारलं.

"पोरांना ते जनुक एकाच बाजूनं मिळालंय, बापाकडून. आईकडून नेहमीचं. त्यांच्यात थोडं तुफान उठतं, ताप येतो, आणि महिन्याभरात रक्त साफ. पोरं चांगली आहेत, ताई. पोरांतच घुडखरांचं भविष्य आहे. फक्त तो..."

संचालकांचा आदेश रात्र पडायच्या आत आला. जनावर नष्ट करावं.

"शेड हाय की," दुर्पदा म्हणाली. "गवरी गाभण हुती तवा बांधलेली. चिलटसुदिक शिरत न्हाई म्हणालात न्हवं? तितं ठिवू."

"तो रानातला नर आहे. आयुष्यभर शेडमध्ये?"

"मरण्यापरीस बरं."

मुग्धानं संचालकांशी भांडून ती परवानगी मिळवली. सकाळी दुर्पदा गवरीला घेऊन शेडमध्ये गेली, दोन्ही दारं उघडी ठेवली आणि टकटक केली. पट्ट्या दूरवर उभा होता. त्यानं वास घेतला, आईला पाहिलं आणि सरळ आत आला. दुर्पदानं मागून अडसर लावला. लोखंडाच्या आवाजासरशी त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मग तो दारावर धावून गेला.

तीन दिवस तो जाळीला धडका देत होता. कपाळ सोललं, पुढच्या एका खुराची कड फुटली. चौथ्या दिवशी गवरीच्या डोळ्यांवर सूज दिसली. शेडमध्ये येण्याआधीच, कुंपणाशी असताना तिला कुठलं तरी चिलट चावलं होतं. पट्ट्यालाच चावून आलेलं होतं का, हे विचारायचं धाडस दुर्पदानं केलं नाही. मुग्धानं दोन दिवस सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गवरी दुर्पदाच्या मांडीवर डोकं टाकून गेली. पट्ट्या पलीकडच्या कोपऱ्यात उभा होता. तो जवळ आला, आईच्या कानाला नाक लावलं आणि दुर्पदानं हात पुढं करताच झटकन मागं सरला. त्यानंतर त्यानं तिच्या हातचं काही खाल्लं नाही. ती बाहेर गेल्यावरच घमेल्यात तोंड घाली, आणि तेही दोन घास.

डिसेंबरात त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"हा असाच संपेल," मुग्धा म्हणाली. ती सकाळी सकाळी प्रकाशाचे सापळे तपासून आली होती. दिव्याखाली पंखा आणि पंख्याखाली बाटली. रात्री दिव्याकडं आलेली चिलटं बाटलीत पडतात. "ताई, गेले पंधरा दिवस बाटल्या रिकाम्या आहेत. पारा दहाच्या खाली गेलाय. थंडीत चिलटं उडत नाहीत. आणि चिलटं नाहीत तर..."

"तर त्याचं रगात कुनाला लागत न्हाई."

"तेवढे दिवस तो मोकळा राहू शकतो."

यावर आठवडाभर बैठका चालल्या. शेवटी लेखी ठरलं की थंडी असेपर्यंत जनावर सोडावं. सापळ्यात चिलटं दिसू लागली की तीन दिवसांत शेडमध्ये परत आणावं. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ते आलं नाही, तर वनरक्षकानं गोळी घालावी. कागदावर रणमलभाईचं नाव होतं. त्यानं सही केली आणि बाहेर येऊन दुर्पदाजवळ बसला. "माझे आजोबा संस्थानच्या शिकारीत वाट दाखवायचे," तो म्हणाला. "मोटारीतून पाठलाग. घुडखर थकत नाही, बेन, पळता पळता छाती फुटून पडतो. आजोबा म्हातारपणी त्याची नक्कल करून दाखवायचे आणि मग दिवसभर बोलायचे नाहीत. माझ्या हातून हे करवू नका."

"आणीन की म्या त्याला," दुर्पदा म्हणाली. दार उघडताच पट्ट्या मागं न पाहता जो सुटला, तो रणाच्या पांढऱ्या रेषेत दिसेनासा झाला. ते बघताना आपण काय बोलून बसलो, हे तिच्या ध्यानात आलं.

इकडं फलटणला अक्षदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेर म्हणजे काकूचं घर, कारण आई रणात होती. फेब्रुवारीची अठरा तारीख सांगितली होती. दुर्पदानं पंधराचं तिकीट काढलं होतं. थंडी महिनाअखेरपर्यंत असते, असं रणमलभाईनं पैजेवर सांगितलं होतं.

चौदा तारखेला सापळ्यात तीन चिलटं सापडली. वारा उलटला होता, दक्षिणेकडून उबदार झोत येत होते. पंधराला सकाळी एकोणतीस.

मुग्धा जीपमधून भुलीची बंदूक घेऊन गेली. इंजिनाचा आवाज ऐकताच पट्ट्या आपल्या पाच माद्यांसह उधळला. मुग्धानं पाठलाग करू दिला नाही. संध्याकाळी दुर्पदानं अक्षदाला फोन लावला.

"आज गाडीत बसली नाहीस," अक्षदा म्हणाली. तिनं विचारलंच नाही.

"दोन दिस, बाळा. त्याला आत घातला की निघतेच. न्हाईतर गोळी घालत्यात त्याला."

"आणि मला वेणा सुरू झाल्या तर?"

"काकू हाय की."

"काकू आहे. काकू सहा वर्षं आहे, आई." तिनं एकेक मोजायला घेतलं. "कॉलेजातून आले तरी काकू, लग्नाच्या चोळीचं माप द्यायला काकू. एकदा तरी त्या गाढवाच्या पोराला सांग ना, की मला पण लेक आहे म्हणून." तिनं फोन ठेवला. दुर्पदानं पुन्हा लावला, पण तिनं उचलला नाही.

सोळाला ती रणमलभाईच्या मोटारसायकलवर बेटाच्या अलीकडं उतरली आणि दिवसभर टकटक करत बसली. पट्ट्या चारशे पावलांवर उभा राहून ऐकत होता. कान तिच्याकडं, पाय तिच्यापासून लांब. तिच्या हातातली पेंड वाऱ्यानं उडून गेली. त्या रात्रीच्या सापळ्यात दोनशेवर चिलटं पडली. त्याच रात्री दोन वाजता फलटणला अक्षदाला मुलगी झाली. जावेनं निरोप पाठवला, "दोघी सुखरूप. अक्षदा बोलत नाही."

सतरा तारखेला, शेवटच्या दिवशी, दुर्पदा पहाटेच निघाली. आज तिनं मोटारसायकलही नको म्हटलं. "इंजिनाचा वास बी नगो मला. चालत जाते. नऊ किलोमीटर काय लई न्हाई."

"आणि तो आला नाही तर?" मुग्धानं विचारलं.

दुर्पदानं पाण्याची बाटली कमरेला बांधली, चपला हातात घेतल्या आणि ती त्या भेगाळल्या, मिठानं पांढऱ्या पडलेल्या जमिनीवरून चालू लागली.

ती पोचली आणि त्याला शोधून काढेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. पट्ट्या वेड्या बाभळीच्या जाळीपाशी उभा होता. अंग भरलं होतं, पाठीवरचा पट्टा तुकतुकीत चमकत होता, मानेवर नव्या लढाईची खूण होती. दोन महिन्यांत तो पुन्हा राजा झाला होता. ती दोनशे पावलांवर थांबली. तासाभरानं शंभर. आणखी तासाभरानं तीस. तो हलला नाही. यापुढं तीही गेली नाही.

टकटक करायला तिनं जीभ उचलली आणि तशीच ठेवली. तो आवाज आता त्याच्यासाठी अडसराचा आवाज होता. आई म्हणून दाखवायला गवरी नव्हती. खोटं बोलायला तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. समोर तो, त्याच्या मागं पाच माद्या, त्यांच्या पोटात त्याचीच पोरं. इथं राहिला तर उन्हाळ्यापर्यंत या पाचही फेस टाकून पडणार होत्या.

"तुज्या आयला मारलंस तू," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला ठाव न्हाई ते. मला ठाव हाय. आन मी तुला कोंडलं. ते तुला ठाव हाय. फिटंफाट झाली आपली. आता चल."

पट्ट्यानं फुर्र केलं.

तिचा सासरा म्हणायचा, गाढव मागून ढकलून जात नाही आणि पुढून ओढून येत नाही. पुढचं आपल्या वाटेनं निर्धास्त चालतंय, असं वाटलं तर मात्र आपणहून येतं. पण चालणाऱ्यानं मागं पाहायचं नाही. पाहिलं, की याला माझ्यापासून काहीतरी हवंय, हे त्याला कळतं.

दुर्पदा वळली आणि चालू लागली.

पहिली दोनशे पावलं मागं काहीच ऐकू आलं नाही. वारा, आणि तिच्याच टाचांखाली मिठाची साय फुटल्याचा आवाज. मान वळवायची इतकी उबळ आली, की तिनं पदराचं टोक दातात धरलं. मग, बऱ्याच मागं, खुरांचे दोन-चार ठोके पडले आणि थांबले. ती थांबली नाही. पुन्हा ठोके. ते त्याचेच होते की एखाद्या मादीचे, की त्या सगळ्या दुसरीकडंच निघाल्या होत्या, हे कळायला मार्ग नव्हता. फोन तिनं मुद्दाम प्रकल्पाच्या ठाण्यावर ठेवला होता.

तिसऱ्या किलोमीटरला ठोके पूर्ण थांबले. ऊन कलू लागलं होतं. समोर क्षितिजावर पाणी चमकत होतं, जे नव्हतंच. तिच्या टाचेत मिठाचा खडा रुतला होता आणि रक्त येत होतं. बसावं, पाय पाहावा आणि त्या निमित्तानं मागं एक नजर टाकावी, असं तिला वाटलं. ती बसली नाही. ती बोलू लागली, कुणाशीच नाही असं बोलू लागली. अक्षदा लहानपणी गवरीच्या पाठीवर झोपायची ते. नवऱ्यानं वाळूच्या घाटात गाढवाच्या कानात गाणं म्हटलेलं ते. रात्री जन्मलेली पोर कशी असेल ते. कोरड्या तोंडानं जे येईल ते, मोठ्यानं, चालीच्या तालावर.

सहाव्या किलोमीटरला दूरवर ठाण्याचा मनोरा दिसला. त्यावर बारीकशी आकृती. रणमलभाई. त्याच्या हातातली लांब वस्तू उन्हात लखलखली. तो दुर्बिणीतून बघत असणार. तिच्या मागं काय आहे, ते त्याला दिसत होतं, तिला नाही. तो हात हलवत नव्हता, काही खूण करत नव्हता. खूण करू नकोस, हे तिनंच त्याला सांगितलं होतं. आता तिला त्याचा राग आला.

सूर्य तांबडा झाला. चिलटांची वेळ. तिच्या कानाशी, पापण्यांशी बारीक गुणगुण सुरू झाली. आपल्याला चावणारी ही चिलटं मागंही कुणाला चावताहेत का, तिच्या मनात आलं, आणि तिच्या पायांना वेग आला. मग तिनं तो मुद्दाम कमी केला. घाई दिसता कामा नये.

मनोरा उजवीकडं आला. रणमलभाईची बंदूक कठड्यावर टेकलेली होती, नळी तिच्या दिशेनं. तिच्या दिशेनं म्हणजे तिच्या मागं. म्हणजे मागं काहीतरी होतं! शेडचं दार उघडं होतं. तिथं दिवा नव्हता, माणूस नव्हतं, मुग्धानं सगळं सांगितल्याप्रमाणं केलं होतं. दुर्पदा न थांबता आत शिरली, गवताच्या थरावरून चालत पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेली आणि कपाळ जाळीला टेकून उभी राहिली.

आता चालायला जागा उरली नव्हती.

बाहेर एक फुर्र. मग कितीतरी वेळ काही नाही. मग उंबऱ्याच्या सिमेंटवर एक खूर वाजला. दुसरा. तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये गरम श्वास आला आणि तिथंच राहिला.

"दार," ती जाळीकडं तोंड करून म्हणाली. बाहेर मुग्धानं दार लोटलं. अडसराचा आवाज झाला. पट्ट्याचं अंग थरारलं, ते तिला पाठीनं कळलं. पण तो धावला नाही. त्यानं तिच्या खांद्यावरून मान पुढं काढली आणि जाळीपलीकडच्या मावळत्या रणाकडं तिच्याबरोबर पाहत उभा राहिला. त्याच्या मानेला हात लावायला ती मग कुठं वळली.

मनोऱ्यावरून उतरून रणमलभाई जमिनीवरच बसला होता. त्यानं गोळ्या काढून खिशात टाकल्या होत्या आणि तो लहान पोरासारखा नाक पुसत होता. "बेन, दोनदा तो परत फिरला होता," तो म्हणाला. "अर्धा किलोमीटर लांब गेला होता एकदा. तुम्ही बडबडायला लागलात तेव्हा आला."

"पुढच्या हिवाळ्यात परत सोडू त्याला," मुग्धा म्हणाली. "पण पुढच्या फेब्रुवारीत... ताई, तुम्ही असाल ना?"

"आदी मला उद्याची गाडी बगून द्या," दुर्पदा म्हणाली.

दोन गाड्या बदलून ती फलटणला पोचली. टाचेला फडकं, साडीच्या निऱ्यांत मीठ. अक्षदा खाटेवर बसून मुलीला पाजत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली. दुर्पदा दारात उभी राहिली. काय बोलावं ते तिनं वाटेत वीस वेळा ठरवलं होतं. तिनं नुसते हात पुढं केले.

"आधी अंघोळ कर," अक्षदा म्हणाली. "वास येतोय."

दुर्पदा मोरीकडं वळली. जावेनं कढत पाणी काढून दिलं. तिनं पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि मिठाचं पाणी ओठांवर उतरलं. मोरीच्या फळकुटाच्या दारापलीकडं पावलं वाजली, जपून टाकलेली, बाळंतिणीची.

"आई."

"हां."

बाळानं एक उचकी दिली.

"आला का मग तो?"

"आला," दुर्पदा म्हणाली.